आकाशप्रवासाची शिदोरी

घाट उतरून कोकणात येणारा किंवा कोकणातून देशावर जाणारा आपला पूर्वीचा वाटसरू घराबाहेर पडताना शिदोरी बांधून घेत असे. फडक्यात भाकरी, चटणी आणि गुळाचा खडा, खांद्यावर घोंगडी, कनवटीला काडेपेटी आणि हातात काठी. वाटेत काही विपरीत घडणारच, असे त्याला वाटत होते म्हणून नव्हे. वाट आपल्या हातची नाही, एवढे तो जाणून होता म्हणून. रात्र रानात काढावी लागली तर भूक, थंडी आणि अंधार यांना तोंड देता यावे, एवढाच त्या गाठोड्याचा अर्थ. पुढे आगगाड्या आल्या, मोटारी आल्या आणि ही सवय मोडली. आज आम्ही ज्या विषयासंबंधी लिहिणार आहोत, तो वरकरणी या वाटसरूपासून फार दूरचा आहे. छोट्या खासगी विमानातून प्रवास करणाऱ्याने संकटसमयासाठी बरोबर काय ठेवावे, हा तो विषय. पण थोडा विचार केला तर दिसेल की, प्रश्न तोच आहे. वाट तेवढी जमिनीवरून आकाशात गेली आहे.

गोव्यातल्या किंवा बेळगावच्या सामान्य वाचकाला छोट्या विमानाशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. खासगी विमान ही धनिकांची चैन, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे, आणि ती काही अंशी खरीही आहे. परंतु इंदूर, वडोदरा, नागपूर, बारामती, धुळे, गोंदिया आणि खुद्द बेळगावचे सांबरा येथे वैमानिकांचे शिक्षण चालते, आणि त्या शिक्षणासाठी येणारी मुले-मुली धनिकांचीच असतात असे नाही. कर्ज काढून, दागिने मोडून मुलाला वैमानिक करू पाहणारे मध्यमवर्गीय आईबाप आज आपल्या समाजात आहेत. विशी गाठलेली ही मुले एका इंजिनाच्या विमानात एकटी बसून शेकडो मैलांचे उड्डाण करतात. याखेरीज भाड्याच्या छोट्या विमानांतून रुग्ण हलविले जातात, निवडणुकीच्या दिवसांत पुढारी फिरतात, उद्योगपती तर नेहमीच फिरतात. तेव्हा हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

छोट्या विमानाचा सारा संसार वजनाच्या हिशेबावर चालतो. शिक्षणासाठी जगभर वापरले जाणारे सेस्ना 172 हे चार आसनांचे विमान घ्या. त्याच्या अलीकडच्या नमुन्यात माणसे, सामान आणि इंधन मिळून सुमारे 400 किलो भार घेता येतो. टाक्या पूर्ण भरल्या तर त्यातले 140 किलोच्या आसपास इंधनातच जातात. उरलेल्या भारात तीन धडधाकट माणसे आणि त्यांच्या पिशव्या बसल्या की चौथे आसन रिकामे ठेवावे लागते. अशा ठिकाणी पाण्याचे दोन कॅन, प्रथमोपचाराची पेटी, लाइफ जॅकेटे आणि ताडपत्री यांसाठी जागा मागणारा माणस कटकट्या ठरतो. काय ठेवायचे आणि काय काढायचे, याचा निर्णय विमान सुखरूप जमिनीवर असताना, चांगल्या हवेत आणि घाईच्या वेळी होतो. काढून टाकल्या जाणाऱ्या वस्तूंत पहिला क्रमांक लागतो तो ज्यांची गरज कधीच पडली नव्हती त्यांचा. ज्या दिवशी ती पडते, त्या दिवशी त्या वस्तू घरी किंवा हँगरमध्ये असतात.

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. 1967 सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पोर्टलंडहून एक गृहस्थ पत्नी व शाळकरी वयाच्या मुलीसह आपल्या लहान विमानातून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाले. वाटेत हवा बिघडली आणि उत्तर कॅलिफोर्नियातील ट्रिनिटी पर्वतराजीत त्यांचे विमान बर्फाच्छादित उतारावर कोसळले. तिघेही त्या आघातातून वाचले. शोध झाला, पण पर्वतावर पडलेले पांढरे बर्फ आणि झाडी यांत ते विमान कोणाला दिसले नाही, आणि अखेर शोध थांबविण्यात आला. ते गृहस्थ मदत आणण्यासाठी पायी निघाले, ते परतले नाहीत. मायलेकी विमानाच्या सांगाड्यात वाट पाहत राहिल्या. मुलीने रोजनिशी लिहिली. ती रोजनिशी अपघातानंतर तब्बल 54 दिवस चालू होती. ऑक्टोबरात एका शिकाऱ्याला विमान सापडले, तेव्हा त्यात सांगाडे होते आणि ती वही होती. आघाताने नव्हे, तर आपण कोठे आहोत हे कोणालाही कळविता न आल्यामुळे दोन जीव त्या विमानात दिवस मोजीत संपले.

या वहीने अमेरिकन लोकमताला जो धक्का दिला, त्यातून 1970 साली कायदा झाला. अपघाताच्या धक्क्यासरशी आपोआप चालू होऊन संकटाचे रेडिओ-संकेत पाठविणारे यंत्र (त्याला इमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटर म्हणतात, आपण त्याला संकटसूचक म्हणू) बहुतेक खासगी विमानांत बसविले पाहिजे, असे त्या कायद्याने ठरविले आणि त्यासाठी काही वर्षांची मुदत दिली. ती मुदत संपण्यापूर्वीच, 16 ऑक्टोबर 1972 रोजी, अमेरिकन प्रतिनिधिगृहातील बहुमतवाल्या पक्षाचे नेते हेल बॉग्ज आणि अलास्काचे प्रतिनिधी निक बेगिच हे अँकरेजहून जूनोकडे सेस्ना 310 विमानाने निघाले. ते विमान पोहोचले नाही. 39 दिवस अफाट शोध झाला. विमानाचा एक तुकडाही आजपर्यंत मिळालेला नाही. अलास्का राज्याच्या नियमानुसार त्या विमानात संकटसूचक असणे आवश्यक होते, आणि वैमानिकाजवळ हातात नेता येईल असे एक यंत्र होतेही. परंतु चौकशीत काय आढळले? ते यंत्र फेअरबँक्स येथे दुसऱ्याच एका विमानात होते. विमान किंवा वैमानिक यांच्यापैकी कोणाबरोबरही त्या दिवशी संकटसूचक नव्हता, असा निष्कर्ष चौकशी करणाऱ्यांनी काढला. यंत्र असते तर ते चौघे वाचलेच असते, असे म्हणता येणार नाही. पण ते कोठे गेले, हे तरी त्यांच्या घरच्यांना कळले असते. साधन विकत घेतले होते, कायदा होता, माहिती होती. नव्हती ती एकच गोष्ट. साधन बरोबर नव्हते.

त्यानंतरच्या काळात या विद्येने मोठी मजल मारली आहे. 1979 साली, शीतयुद्ध चालू असतानाही, अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चार देशांनी उपग्रहांमार्फत संकटसंकेत ऐकण्याची संयुक्त योजना आखली. कॉस्पस-सारसॅट हे तिचे नाव. एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसलेली राष्ट्रे रानात पडलेल्या अनोळखी माणसाची हाक ऐकण्यासाठी एकत्र येतात, ही विसाव्या शतकातली एक दिलासा देणारी गोष्ट आहे. 1982 च्या जूनमध्ये पहिला उपग्रह सुटला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात कोसळलेल्या एका छोट्या विमानातील तीन माणसे या योजनेने वाचविली. तेव्हापासून जमिनीवर, समुद्रावर आणि हवाई अपघातांत हजारो जीव तिने वाचविले आहेत. भारतही या योजनेत सहभागी असून, आपल्या अंतराळ संशोधन संस्थेची संकेत ग्रहण करणारी केंद्रे बेंगळुरू आणि लखनौ येथे आहेत. म्हणजे सह्याद्रीच्या एखाद्या दरीत पडलेल्या विमानाची हाक ऐकणारे कान आज आकाशात सदैव जागे आहेत. हाक मारणारे यंत्र मात्र आपण ठेवले पाहिजे.

आणि ते योग्य यंत्र असले पाहिजे. जुने संकटसूचक 121.5 मेगाहर्ट्झ या कंपनसंख्येवर बोलत असत. त्यांत खोटे इशारे इतके येत की, 1 फेब्रुवारी 2009 पासून उपग्रहांनी ती कंपनसंख्या ऐकणे थांबविले. आता उपग्रह ऐकतात ते 406 मेगाहर्ट्झवरील संकेत. या संकेतात यंत्राचा स्वतःचा क्रमांक असतो. त्या क्रमांकाची नोंद मालकाने केली असेल तर विमान कोणाचे, घरचा दूरध्वनी कोणता, हे शोध करणाऱ्यांना तत्काळ कळते. स्थाननिश्चितीची सोय यंत्रातच असेल तर जागाही शंभर-दीडशे मीटरच्या अंतरात सांगता येते. जुने यंत्र विमानात तसेच ठेवून निश्चिंत बसणे, म्हणजे बुजलेल्या विहिरीच्या भरवशावर रान पेटविणे होय. नोंद केलेली नसणे आणि बॅटरीची मुदत उलटलेली असणे, हे दोषही तितकेच घातक, कारण ते वरून दिसत नाहीत.

तथापि विमानाला बसविलेले यंत्रदेखील सर्वस्वी भरवशाचे नाही. अपघातात त्याची तार तुटते, अँटेना मोडते, विमानाला आग लागली तर यंत्र जळते, विमान बुडाले तर तेही बुडते. 2007 च्या सप्टेंबरात जगप्रसिद्ध साहसी वैमानिक स्टीव्ह फॉसेट नेवाडातून एका लहान विमानाने एकटेच फिरावयास निघाले आणि नाहीसे झाले. कोणताही संकेत हाती लागला नाही. मोठा शोध झाला. अखेर वर्षानंतर डोंगरात भटकणाऱ्या एका पदयात्रिकाला त्यांची ओळखपत्रे सापडली, आणि त्यावरून विमानाचे अवशेष मिळाले. म्हणून जाणते वैमानिक विमानातल्या यंत्राखेरीज दुसरे एक लहान, खिशात मावणारे, हाताने चालू करावयाचे संकटसूचक यंत्र अंगावर बाळगतात. यावरून या साऱ्या विषयाचे सूत्र सांगता येते. जे अंगावर आहे तेच आपले साधन. जे मागच्या सामानात आहे ते, विमानातून बाहेर पडण्यासाठी अर्धे मिनिट मिळाले तर, नसल्यासारखेच. म्हणून अनेक खिशांचे एक जाकीट शिवून किंवा विकत घेऊन त्यात संकटसूचक, सुरी, शिटी, आरसा, काडेपेटी आणि रक्त थांबविण्याचे पट्टे ठेवावेत, आणि ते उड्डाणापूर्वी अंगावर चढवावे.

साधनांची यादी करण्याचे काम काही ठिकाणी कायद्यानेच केले आहे. अलास्का हा अमेरिकेचा प्रांत मुंबई-गोव्यापेक्षा हवामानाने अगदी उलट. तिथल्या कायद्याने छोट्या विमानात काय असावे ते मोजून सांगितले आहे. प्रत्येक माणसाला आठवडाभर पुरेल इतके अन्न, एक कुऱ्हाड, प्रथमोपचाराची पेटी, मासे धरण्याचे गळ व दोरा, सुरी, आग पेटविण्याचे साधन, प्रत्येकाला डास-प्रतिबंधक जाळी आणि बंद धातूच्या डब्यांत ठेवलेली दोन संकेत-साधने. थंडीच्या महिन्यांत त्यात बर्फावर चालण्याचे जोड, झोपण्याची उबदार पिशवी आणि लोकरी कांबळी यांची भर पडते. ही यादी वाचताना कोणाला हसू येईल. पण 1963 साली, अलास्काला लागून असलेल्या कॅनडात कोसळलेल्या विमानातील एक पुरुष आणि एक तरुणी यांनी 49 दिवस बर्फात काढले होते, आणि त्यांच्याजवळ मोजके डबे सोडता खावयास जवळजवळ काही नव्हते. बर्फ वितळवून त्यांनी पाणी प्यायले आणि बर्फातच मोठी अक्षरे तुडवून त्यांनी आकाशातल्या वैमानिकाचे लक्ष वेधले. प्रत्येक वस्तूमागे कोणाची तरी अशी कथा आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे ती यादी हास्यास्पद वाटत नाही.

अर्थात अलास्काची यादी उचलून सह्याद्रीत आणणे शहाणपणाचे होणार नाही. ज्या भूमीवरून उडावयाचे, त्या भूमीची शिदोरी वेगळी. आपल्याकडे बर्फ नाही, परंतु पावसाळ्यातले घाटमाथे आहेत. तिथे दाट धुके असते, संततधार पाऊस असतो, आणि जंगल इतके घनदाट की, पडलेल्या विमानावर फांद्या पुन्हा मिटल्यासारख्या दिसाव्यात. जखमी माणूस रात्रभर पावसात भिजला तर कोकणातल्या हवेतही तो गारठून दगावू शकतो. म्हणून पाण्यापासून बचाव करणारी हलकी ताडपत्री, दोरी, चंदेरी पातळ पांघरूण, वाळवीत बसावे न लागणारे पेटवण, जळवा व डास यांवरचे औषध, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या आणि डोक्यावर बांधावयाची विजेरी एवढे तरी हवे. उन्हाळ्यात दख्खनच्या पठारावरून किंवा राजस्थानकडे उडणाऱ्याने मात्र सर्वप्रथम पाणी घ्यावे. अन्नावाचून माणूस आठवडे काढतो, पाण्यावाचून दिवस काढणे कठीण. फ्रेंच लेखक व वैमानिक सेंत-एक्झुपेरी हे 1935 च्या डिसेंबरअखेर पॅरिस-सायगॉन उड्डाणात आपल्या यंत्रज्ञासह लिबियाच्या वाळवंटात कोसळले, तेव्हा दोघांजवळ काही फळे, थर्मासमधली कॉफी आणि थोडे मद्य एवढाच द्रव होता. चौथ्या दिवशी एका बदाऊनी अरबाची दृष्टी त्यांच्यावर पडली म्हणून ते वाचले. पुढे या अनुभवावर त्यांनी जे लिहिले ते जगाने वाचले. पण त्या बदाऊनीचा उंट दुसऱ्या वाटेने गेला असता, तर लिहावयास कोणी उरले नसते.

आपण कोठे आहोत हे दाखविण्यासाठी विजेवाचून चालणारी साधनेही हवीत. मध्ये छिद्र असलेला काचेचा लहान आरसा हातात असेल आणि ऊन असेल, तर त्याची तिरीप कित्येक मैलांवरच्या वैमानिकाला दिसते. शिटीचा आवाज माणसाच्या ओरडण्यापेक्षा दूर जातो आणि घसा बसत नाही. तीन शिट्या, तीन जाळ, तीन दगडांचे ढीग, यांचा अर्थ जगभर संकट असाच घेतला जातो. जमिनीवर पंधरा-वीस फुटांचे रोमन व्ही अक्षर काढले तर मदत हवी असा, आणि रोमन एक्स काढले तर वैद्यकीय मदत हवी असा अर्थ आंतरराष्ट्रीय संकेताने ठरला आहे. हे ज्ञान वजनाला शून्य आहे. त्याचबरोबर विमानापासून दूर न जाण्याचा नियमही वजनाला शून्य. आकाशातून एकट्या माणसापेक्षा मोडके विमान शोधणे सोपे. मदत आणण्यासाठी चालत गेलेल्या त्या 1967 च्या गृहस्थांचे काय झाले, हे वर आलेच आहे.

आता आपल्या दाराशी असलेल्या समुद्राकडे वळू. एका इंजिनाचे विमान किनाऱ्यापासून इतके दूर जात असेल की, इंजिन बंद पडल्यावर तरंगत भूमीपर्यंत पोहोचता येणार नाही, तर प्रत्येक माणसासाठी लाइफ जॅकेट असलेच पाहिजे, हा जगन्मान्य नियम आहे. ते आसनाखाली ठेवण्यापेक्षा हवा न भरता अंगावर घालून बसणे शहाणपणाचे, कारण पाण्यावर उतरताना चाके पाण्यात अडकून लहान विमान उलटण्याचा संभव असतो, आणि अंधारात, उलटे लटकत, पाणी आत येत असता आसनाखालचे पाकीट उघडणे हे सिद्धपुरुषालाही साधणार नाही. आणि एक गोष्ट जॅकेटापेक्षाही महत्त्वाची. त्यात हवा भरायची ती विमानाबाहेर पडल्यावर. 23 नोव्हेंबर 1996 रोजी इथियोपियाचे अपहरण झालेले मोठे प्रवासी विमान इंधन संपून कोमोरो बेटांजवळ समुद्रात उतरले. 175 पैकी 125 माणसे गेली. त्यांतल्या अनेकांनी विमानातच जॅकेट फुगविले होते. विमानात पाणी शिरले तशी त्यांची शरीरे छताला जाऊन टेकली, आणि दारापर्यंत बुडी मारून जाणे त्यांना अशक्य झाले. तारणारी वस्तूच मारक ठरली, ती केवळ वापरण्याची रीत ठाऊक नसल्यामुळे. म्हणून उड्डाणापूर्वी दोन मिनिटे खर्चून वैमानिकाने प्रत्येक प्रवाशाला दार कसे उघडते, पट्टा कसा सुटतो, जॅकेट केव्हा फुगवायचे आणि संकटसूचकाचे बटण कोणते, हे सांगितले पाहिजे. वैमानिक बेशुद्ध पडला तर ते बटण दाबणारा प्रवासीच असतो.

काही साधने अशी की, ती अपघातानंतर नव्हे, अपघात टाळण्यासाठी लागतात. हाताशी पोहोचेल असे अग्निशामक नळकांडे त्यांतले एक. दुसरे त्याहून लहान आणि अधिक उपेक्षित. लहान विमानाच्या इंजिनाची धुराडी तडकली तर ऊब देणाऱ्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला फक्त डोके जड झाल्यासारखे वाटते आणि मग काही वाटेनासे होते. फुटबॉलप्रेमी गोव्याला एमिलियानो साला हे नाव सांगावयास नको. 21 जानेवारी 2019 च्या रात्री फ्रान्समधील नांतहून कार्डिफला नव्या संघात दाखल होण्यासाठी निघालेल्या या अर्जेंटिनी खेळाडूचे लहान विमान इंग्लिश खाडीत कोसळले. त्याच्या रक्तातील 58 टक्के रक्तद्रव्य या वायूने व्यापलेले होते, आणि वैमानिकही त्याच विषाच्या अमलाखाली असावा, असा ब्रिटिश चौकशीचा निष्कर्ष होता. त्या वायूची चाहूल लागताच आवाज करणारे यंत्र तळहातावर मावते. ते त्या विमानात असते, तर निदान वेळेवर सावध होण्याची संधी तरी मिळाली असती.

आम्ही साधनांची बाजू मांडीत आहोत, पण साधनांना देवत्व देण्याची आमची इच्छा नाही. काही अपघातांपुढे कोणतीही शिदोरी कामास येत नाही. 30 सप्टेंबर 2001 रोजी उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ लहान विमान कोसळून माधवराव शिंदे आणि त्यांच्यासमवेतचे सर्वजण मृत्यू पावले, त्या वेळी ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून उठलेला आक्रोश अजून पुष्कळांच्या स्मरणात असेल. तशा आघातात आरसा आणि शिटी काय करणार? सुरक्षेची पहिली पायरी म्हणजे हवा पाहणे, यंत्र पाहणे आणि जाऊ नये वाटले तर न जाणे. कार्यक्रमाची वेळ गाठावयाची आहे म्हणून वैमानिकावर दडपण आणणारा बडा प्रवासी हा आपल्या देशातल्या हवाई अपघातांचे एक कारण ठरू शकतो, हे त्या प्रवाशांनीही ध्यानात घ्यावे. पण आघातातून वाचलेला माणूस पुढच्या रात्री थंडीने, तहानेने किंवा रक्तस्रावाने गेला, तर तो दैवाचा दोष नव्हे. तो आपला दोष.

आपल्या देशातही शोधाला लागलेल्या वेळाची आठवण ताजी आहे. 2 सप्टेंबर 2009 रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमला अरण्यात नाहीसे झाले. एका राज्याच्या मुख्यमंत्र्याचा पत्ता लागण्यास दुसरा दिवस उजाडावा लागला. 30 एप्रिल 2011 रोजी अरुणाचल प्रदेशचे मुख्यमंत्री दोरजी खांडू यांचे हेलिकॉप्टर बेपत्ता झाले, ते सापडले पाचव्या दिवशी. या दोन्ही अपघातांत कोणीही वाचले नाही. पण मुख्यमंत्र्यांसाठी सारी सरकारी शक्ती पणास लागली असता एवढा वेळ गेला, तर एखाद्या शिकाऊ वैमानिकासाठी किती जाईल, हा विचार अस्वस्थ करणारा आहे. म्हणूनच शेवटचे आणि सर्वांत हलके साधन आम्ही मुद्दाम शेवटी सांगतो. निघण्यापूर्वी कोणत्या मार्गाने जाणार, किती वाजता पोहोचणार, किती उशीर झाला म्हणजे शोध सुरू करावा, हे जमिनीवरच्या एका जबाबदार माणसाला सांगून ठेवावे, आणि मार्ग बदलल्यास तेही कळवावे. याला पैसा लागत नाही, वजन लागत नाही. लागते ते थोडे नम्रत्व. आपणही हरवू शकतो, हे मान्य करण्याचे नम्रत्व.

आणि येथेच आमच्या मते खरी अडचण आहे. नव्या वाहनापुढे आम्ही नारळ फोडतो, चाकांखाली लिंबे ठेवतो, पुढे हार बांधतो. श्रद्धेला आमचा विरोध नाही. ती मनाला बळ देते. परंतु त्याच वाहनातल्या अग्निशामकाची मुदत कोणी पाहत नाही, आणि कोणी पाहिली तर त्याला भित्रा म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरचा तांडेल होडी ढकलण्याआधी वारा पाहतो, आभाळ पाहतो, दोर तपासतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. आज त्याच्यासाठीही उपग्रहामार्फत संकट कळविणारे यंत्र आपल्या अंतराळ संस्थेने तयार केले आहे. तरीही लाइफ जॅकेटे होडीच्या कोपऱ्यात बोचक्यात बांधून ठेवलेली दिसतात, ही दुःखाची गोष्ट. विमान असो की होडी, बोचक्यातले जॅकेट फक्त तपासणी करणाऱ्याला दाखविण्यापुरते असते. बुडणाऱ्याला ते मिळत नाही.

तेव्हा आमचे सांगणे थोडके आहे. आपल्या मुलांना वैमानिक करणाऱ्या पालकांनी, तिला किंवा त्याला पहिल्या एकट्या लांबच्या उड्डाणाला निरोप देताना, मिठाईच्या डब्याबरोबर एक गोष्ट विचारावी. अंगावर काय आहे? वैमानिकांच्या शाळांनी हा धडा परीक्षेसाठी नव्हे, हाताने करवून घ्यावा: जॅकेट घालून, डोळे बांधून, दार शोधून. नियम करणाऱ्यांनी आपल्या देशाच्या भूगोलाप्रमाणे घाट, वाळवंट आणि समुद्र यांसाठी साधनांच्या वेगवेगळ्या याद्या प्रसिद्ध कराव्यात आणि त्या कागदावर न ठेवता उड्डाणापूर्वी तपासाव्यात. ट्रिनिटीच्या बर्फात त्या मुलीने वहीत जे 54 दिवस लिहिले, ते वाचून एका देशाने कायदा केला. तसा दिवस उगवण्याआधी आपण एवढे केले, तर घाट उतरणाऱ्या त्या जुन्या वाटसरूचे शहाणपण आपल्यात अजून शिल्लक आहे, असे म्हणता येईल.